अरबी समुद्राचा खोटा तळ

१९३३ सालच्या अखेरीस 'मबाहिस' नावाची एक छोटी आगबोट अरबी समुद्रात फिरत होती. बोट इजिप्त सरकारची, खलाशी इजिप्शियन, कप्तान मॅकेन्झी ब्रिटिश आणि शास्त्रज्ञांचे म्होरके कर्नल सेमूर सीवेल. सीवेल हे कलकत्त्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याचे संचालक होते आणि त्या पदावरून नुकतेच उतरले होते. मोहिमेला सर जॉन मरे यांचे नाव होते, कारण खर्च त्यांनी मागे ठेवलेल्या पैशांतून चालला होता. कराची, मुंबई, मोम्बासा, कोलंबो अशी बंदरे घेत ही बोट १९३४ च्या मे महिन्यापर्यंत भटकली. तिने समुद्राच्या तळाशी दडलेल्या डोंगररांगा शोधल्या, पाण्याचे नमुने घेतले आणि खोल पाण्यात जाळी ओढली.

त्या जाळ्यांनी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. ओमानच्या बाजूला काही शे मीटर खोलीवर तळ खरवडून जाळे वर यावे, तर त्यात जवळजवळ काही नसायचे. चिखल वर यायचा, त्याला सडक्या अंड्यांसारखा वास असायचा, जीव मात्र नाही. पाण्याची तपासणी केल्यावर कारणही सापडले: अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू इतका कमी, की नसल्यात जमा. आज हा थर जगातल्या सर्वांत जाड प्राणवायू-न्यून थरांपैकी एक म्हणून ओळखला जातो. साधारण दीडशे मीटरपासून खाली हजार मीटरपर्यंत तो पसरलेला आहे. सीवेल यांच्या मोहिमेचा निष्कर्ष तेव्हाच्या पुराव्याला धरून होता. हा समुद्र वरून समृद्ध आणि आतून ओसाड.

चाळीस वर्षांनी त्याच समुद्राबद्दल नेमके उलटे सांगितले गेले. जगात कुठेही नसेल इतकी दाट मासळी याच ओसाड थरात आहे, असे. जाळे तेच होते, समुद्र तोच होता. मधल्या काळात मोजणाऱ्याने जाळ्याच्या जोडीला आवाज घेतला होता.

'मबाहिस'वरही आवाजाने खोली मोजणारे यंत्र होतेच, एको साउंडर. पण त्याचे काम तळ किती खाली आहे एवढेच सांगण्याचे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो. हे गणित जिनिव्हाच्या तळ्यात कोलाडोन याने १८२६ मध्ये पाण्याखाली घंटा वाजवून बसवले होते. 'टायटॅनिक' बुडाल्यावर हिमनग ऐकू यावेत म्हणून फेसेंडेनने अमेरिकेत खटपट केली. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या ऐकू याव्यात म्हणून लांजव्हँ याने फ्रान्समध्ये क्वार्ट्झच्या चकत्यांतून आवाज काढला. मासे ऐकण्याचा विचार कोणाच्या डोक्यात पहिल्यांदा आला, यावर जपानी आणि युरोपीय आपापली नावे पुढे करतात. छापील पुरावा मात्र बहुतेकांना आठवतो तो नॉर्वेच्या ऑस्कर सुंड याचा. १९३५ मध्ये त्याने 'नेचर'मध्ये एक छोटे टिपण छापले. लोफोटेन बेटांजवळ कॉड माशांचे थवे कागदाच्या पट्टीवर काळ्या रेघेने उमटले होते, ते चित्र त्यात होते. माशांची जागा जाळे न टाकता दिसली होती.

मग दुसरे महायुद्ध आले आणि खरी गंमत झाली. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे अमेरिकी नौदलासाठी आयरिंग, क्रिस्टेनसेन आणि रेट हे तिघे पाण्याखालच्या आवाजाचे प्रयोग करत होते. खोली हजारो मीटरची, तरी तीनशे मीटरच्या आसपासून प्रतिध्वनी येत होता. म्हणजे तिथे तळ असायला हवा, आणि तिथे तळ नव्हता. बरे, हा खोटा तळ एका जागी राहत नव्हता. संध्याकाळ झाली की वर यायचा, पहाटे खाली उतरायचा. त्या काळात जगाच्या नौकानयनाच्या नकाशांवर अशी कितीतरी उथळे 'अस्तित्व संशयास्पद' असा शेरा मारून नोंदवली गेली. कोणा कप्तानाला समुद्राच्या मध्येच शंभर-दोनशे मीटरवर जमीन दिसली होती आणि पुढच्याला ती सापडली नाही. १९४५ मध्ये स्क्रिप्स संस्थेच्या मार्टिन जॉन्सनने रात्रभर बसून त्या थराची चढउतार नोंदवली आणि सांगितले, की रोज सूर्यास्ताला चढणारी आणि सूर्योदयाला उतरणारी गोष्ट दगडमातीची असू शकत नाही. हे जीव आहेत. त्या थराला खोल प्रकीर्णन थर असे अवजड नाव मिळाले. त्यात कोळंबीच्या जातीचे जीव आहेत, जेलीसारखे वायूचे फुगे बाळगणारे प्राणी आहेत आणि लहान मासे आहेत. अंगावर दिव्यांचे ठिपके असणारे लँटर्नफिश त्यांत मुख्य.

इकडे मुंबईत १९४६ मध्ये भारत सरकारने 'डीप सी फिशिंग स्टेशन' उघडले. बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती, धान्य रेशनवर होते आणि समुद्रातून अन्न काढता येईल का, हा सरकारपुढचा प्रश्न होता. हेच केंद्र १९७४ मध्ये 'एक्स्प्लोरेटरी फिशरीज प्रोजेक्ट' झाले आणि १९८३ मध्ये 'फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया', म्हणजे भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण. मुख्यालय तेव्हापासून आजतागायत मुंबईतच. सुरुवातीच्या वर्षांत 'मीना' ही वाफेवरची ट्रॉलर, मग 'अशोक' आणि 'प्रताप', पन्नाशीच्या दशकात जपानी 'तायो मारू' असे एकेक जहाज सौराष्ट्र आणि मुंबईच्या समुद्रात जाळी ओढत राहिले. त्याच काळात न्यू इंडिया फिशरीज या खासगी कंपनीच्या जोडट्रॉलर 'अर्नाळा', 'सातपाटी' अशा ओळखीच्या नावांनी फिरत. जाळ्यात येई ते घोळ, कोथ, दाढा, वाम, शिंगाळा. हे सगळे तळाजवळचे मासे. ओढलेल्या जाळ्याच्या तासाला किती किलो, यावरून समुद्रात किती, असा हिशेब.

नाव 'डीप सी' असले तरी ही खोली खोल समुद्राची नव्हती. मुंबईकरांना यात भूगोल आडवा येतो. भारताच्या किनाऱ्यावर समुद्रबूड जमीन सर्वांत रुंद आहे ती इथेच. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे तीनशे किलोमीटर गेल्याशिवाय खरा खोल समुद्र लागत नाही. किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रातही पाणी पंचाहत्तर मीटरच्या आसपासच आहे. केरळातला मच्छीमार तुलनेने लवकर कडेशी पोचतो. वर्सोव्याचा किंवा सातपाटीचा कोळी पिढ्यान्‌पिढ्या उथळ, गढूळ, भरती-ओहोटीच्या पाण्यात डोल लावत आला. त्याच्या शब्दभांडारात बोंबील, मांदेली, जवळा, वाकटी यांना भरपूर जागा आहे. अर्ध्या किलोमीटर खोलीवरच्या माशाला नावच नाही, कारण तो कधी घरी आला नाही.

साठीच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. नौदलाची 'कृष्णा' ही युद्धनौका संशोधनासाठी सजवली गेली. अमेरिकेची 'अँटन ब्रून' १९६३ मध्ये मुंबईहून निघाली. ती पूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची 'विल्यम्सबर्ग' नावाची सैरनौका. मोहीम संपता संपता, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. या मोहिमेचे मुख्य उत्पन्न पाण्याचे रसायन, वारे, प्लवक यांच्या नोंदींचे होते. मासे मोजण्याचे काम मागेच राहिले.

ते काम उभे केले नॉर्वेच्या लोकांनी, आणि तेही एका साध्या कल्पनेवर. १९६५ मध्ये द्रागेसुंड आणि ओल्सेन यांनी दाखवले, की एको साउंडरला परत येणाऱ्या सगळ्या प्रतिध्वनींची ताकद बेरजेत धरता येते. एका माशाचा प्रतिध्वनी किती, हे माहीत असेल तर त्या बेरजेला त्याने भागायचे. मासे किती ते निघते. जहाज समांतर रेघांनी समुद्र कापत जाते, प्रत्येक मैलाची बेरीज लिहून ठेवते आणि मधले पाणी अंदाजाने भरते.

अशी निवडक मोजणी जमिनीवरही चालते. गोवंडी स्टेशनाबाहेर देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९९२-९३ पासून देशाचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिच्या देखरेखीखाली होते. तिथले लोक देशातले प्रत्येक दार ठोठावत नाहीत. निवडक वस्त्या, निवडक घरे, आणि त्यावरून सगळ्यांबद्दल विधान. आवाजाने मासे मोजणारे जहाज तेच करते. फरक एवढाच, की घरातला माणूस आपण बोलतो ते ऐकून उत्तर देतो आणि मासा कधीकधी जहाजाचा आवाज ऐकून निघून जातो.

या नव्या पद्धतीचा भारतातला पहिला मोठा वापर १९७१ मध्ये सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पैशाने आणि अन्न व कृषी संघटनेच्या हाताने कोचीनला 'पेलॅजिक फिशरी प्रोजेक्ट' उभा राहिला. त्याची दोन जहाजे, 'रॅस्ट्रेलिजर' आणि 'सार्डिनेला'. बांगडा आणि तारली यांची ही शास्त्रीय प्रजातिनावे, म्हणजे ज्यांना शोधायचे त्यांचीच नावे बोटींना दिली होती. त्यांचे क्षेत्र उत्तरेला रत्नागिरीपासून दक्षिणेला मन्नारच्या आखाताकडे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात बांगड्यांचे थवे आवाजाने मोजले गेले ते पहिल्यांदा तेव्हा. बांगडा किनाऱ्याजवळ येतो तेव्हा सापडतो आणि दूर जातो तेव्हा 'यंदा बांगडा नाही' असे म्हणायची आपल्याकडे रीत. यंत्राने दाखवले, की तो कुठे गेला हे विचारता येते. त्याहून मोठे आश्चर्य होते मांदेलीच्या चुलत घराण्यातल्या छोट्या पांढऱ्या माशांचे. बाजारात फारशी किंमत नसलेला हा मासा आवाजाच्या पट्टीवर अपेक्षेहून कितीतरी जास्त उमटला.

त्याच वर्षी, १९७१ च्या डिसेंबरात, या समुद्राने आवाजाचा दुसरा, कडू धडा दिला. मुंबईहून पाणबुडीच्या शोधात गेलेली भारतीय नौदलाची युद्धनौका 'खुकरी' ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. 'हंगोर'चे कान 'खुकरी'च्या कानांपेक्षा लांबचे ऐकत होते. वरचे कोमट पाणी आणि खालचे थंड पाणी जिथे भेटतात तिथे आवाज वाकतो, आणि त्या वाकणाआड पाणबुडीला लपता येते. पुढे नौदलाचे अभियंते आरोग्यस्वामी पॉलराज यांनी देशी सोनार, म्हणजे आवाजाने पाणबुडी शोधणारे यंत्र, उभारले. १९८३ मध्ये ते 'हिमगिरी' या युद्धनौकेवर बसले. मासे मोजणाऱ्यांचे आणि पाणबुडी शोधणाऱ्यांचे शास्त्र एकच आहे. नौदलाला मासे हा गोंगाट वाटतो, मत्स्यशास्त्रज्ञाला पाणबुडी.

आता राजकारण. १९७६ मध्ये भारताने सागरी क्षेत्र कायदा केला आणि १९७७ च्या जानेवारीपासून किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचा पट्टा आपले आर्थिक क्षेत्र म्हणून जाहीर केला. एका फटक्यात सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर पाणी देशाच्या खात्यावर जमा झाले. पण जमा झालेल्यात आहे काय? हा प्रश्न कुतूहलाचा नव्हता. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याची जी चर्चा तेव्हा चालू होती आणि जी १९८२ च्या करारात उतरली, तिच्यात किनारी देशाने आपल्या पाण्यातली मासळी किती काढता येते ते ठरवावे आणि आपल्याला न झेपणारी शिल्लक इतरांना द्यावी, असे कलम आहे. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी 'शिल्लक' मोठी.

सर्वेक्षणांची त्या काळात रांग लागली. १९७७ मध्ये पोलंडचा 'मुरेना' हा मोठा ट्रॉलर गुजरात-महाराष्ट्राच्या समुद्रात समुद्रबूड जमिनीच्या कडेपर्यंत फिरला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९८२ मध्ये त्याचा अहवाल छापला. लेखकांत बापट, देशमुख, कागवाडे ही आडनावे दिसतात. काट बांगडा, वाकटीच्या घराण्यातले बळे, शिंगाळे हे त्यांना खोल पट्ट्यातही भरपूर मिळाले. ही कामे जाळ्याची होती आणि मला ती आजही जास्त विश्वासार्ह वाटतात, कारण त्यांत मासा हातात आलेला असतो.

आवाजाची मोठी कथा मात्र आपल्या हद्दीच्या पलीकडे, समुद्राच्या वायव्य कोपऱ्यात घडली. नॉर्वेने बांधलेले 'डॉ. फ्रित्यॉफ नानसेन' हे संशोधन जहाज १९७५-७६ मध्ये सोमालियापासून पाकिस्तानच्या किनाऱ्यापर्यंत रेघा मारत गेले. एको साउंडरवर दिवसा दोनशे-तीनशे मीटरवर जाड काळा पट्टा उमटायचा, सूर्यास्ताला तो वर सरकायचा. हा तोच खोटा तळ. जाळे टाकल्यावर त्यात निघाला चार-पाच सेंटिमीटरचा एक लँटर्नफिश, 'बेंथोसेमा टेरोटम'. आयुष्य वर्षाच्या आतले. आणि दिवसा तो राहतो कुठे, तर सीवेल यांच्या जाळ्यांना ओसाड वाटलेल्या त्या प्राणवायू नसलेल्या थरात. मोठे शिकारी मासे तिथे श्वास घेऊ शकत नाहीत, हाच त्याचा आसरा. रात्री तो वर येऊन प्लवक खातो, पहाटे परत उतरतो. यॉसेटर या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने उत्तर आणि पश्चिम अरबी समुद्रातल्या या छोट्या माशाचा साठा जवळपास १० कोटी टन असावा, असे मांडले. भारताची सगळी सागरी मासळी तेव्हा वर्षाला साधारण १४ लाख टन होती.

दहा कोटी टन! कागदावर हा आकडा उतरल्यावर माणसांना झोप लागेना, यात नवल नाही. १९८० मध्ये यॉसेटर आणि कावागुची यांनी अन्न व कृषी संघटनेसाठी सगळ्या जगाचा हिशेब मांडला. मधल्या थरातले मासे सुमारे ९५ कोटी टन. तो आकडा मुख्यतः जाळ्यांवरून काढलेला होता, हे पुढे महत्त्वाचे ठरते.

भारताने या खेळात स्वतःचे जहाज उतरवले ते १९८४ मध्ये. 'सागर संपदा', डेन्मार्कमध्ये बांधलेले, ७१.५ मीटर लांबीचे, महासागर विकास विभागाच्या मालकीचे, घरटे कोचीनला. त्यावर मासे मोजणारा एको साउंडर आणि प्रतिध्वनींची बेरीज करणारे यंत्र होते, आणि मधल्या पाण्यात ओढायचे आयझॅक्स-किड जाळेही. पहिल्या काही वर्षांत या जहाजाने आपल्या आर्थिक क्षेत्रात खोल थराच्या नोंदी घेतल्या. १९८९ च्या जूनमध्ये कोचीनला त्या निकालांवर पहिली कार्यशाळा झाली आणि लँटर्नफिशचा प्रसार भारतीय पाण्यात कसा आहे यावर रामन आणि जेम्स यांनी काम केले. आपल्या वाट्याला आलेला अरबी समुद्रही मधल्या थरात रिकामा नाही, हे सिद्ध झाले.

इथे थोडे थांबून यंत्र नेमके काय ऐकते ते पाहिले पाहिजे, कारण सगळी गोम त्यात आहे. चारशे मीटरवरच्या थराचा प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळाने परततो. खोल पाण्यासाठी ३८ किलोहर्ट्झचा आवाज वापरतात, जास्त बारीक आवाज लवकर विरतो. माशाचे मांस आणि हाडे पाण्याहून फार वेगळी नसतात, म्हणून ती आवाज फारसा परत फेकत नाहीत. परत फेकतो तो माशाच्या पोटातला वाताशय, हवेची पिशवी. प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तिचाच. घोळीच्या पोटातली ही पिशवी आपल्याकडे 'बोत' म्हणून वाळवून हाँगकाँग-सिंगापूरकडे सोन्याच्या भावाने जाते. यंत्राच्या दृष्टीनेही माशात मोलाचा तोच.

मग ज्याला बोत नाही त्याचे काय? बोंबलाला नाही. मुशीला नाही, पाकटाला नाही. कोळंबीला आणि जवळ्याला तर प्रश्नच नाही. मुंबईच्या ताटातली निम्मी मासळी एको साउंडरच्या पट्टीवर फिकट ढगासारखी उमटते किंवा उमटतच नाही. तळापासून मीटरभराच्या आत बसलेला मासाही त्याला ऐकू येत नाही, कारण तळाचा मोठा प्रतिध्वनी त्याला गिळतो. ट्रॉम्बे कोळीवाड्यापुढच्या खाडीसारख्या उथळ, गढूळ पाण्यात हे यंत्र मोजणीला निरुपयोगीच. उलट, खोल पाण्यात जेलीसारख्या काही प्राण्यांच्या अंगात वायूचा फुगा असतो. वजन नगण्य, प्रतिध्वनी माशाएवढा. अमेरिकेच्या एरिक बरॅमने १९६३ मध्येच हे दाखवले होते. लँटर्नफिशच्याही काही जातींत मोठेपणी वाताशयात हवेऐवजी चरबी भरते. तो मासा समोर असून आवाजाला लपतो.

आणि भागाकाराचा आकडा? एका माशाचा प्रतिध्वनी डेसिबलमध्ये मोजतात. तिथे तीन डेसिबलची चूक झाली की एकूण साठा दुप्पट होतो किंवा निम्मा. यंत्रच खरे बोलते का, हे तपासायला केनेथ फूट यांनी नॉर्वेत जहाजाखाली तांब्याचा नेमक्या मापाचा गोळा लटकवून त्याचा प्रतिध्वनी घ्यायची पद्धत बसवली. पुढे टंगस्टन कार्बाइडचा ३८.१ मिलिमीटरचा गोळा आला. यंत्र सुधारले. मासा मात्र तसाच राहिला: कधी आडवा, कधी डोके खाली, कधी पोट भरलेला.

हे बारकावे अहवालांत छापलेले असतात. धोरणाच्या टेबलावर पोचेपर्यंत एकच आकडा उरतो, आणि माझी तक्रार तिथे आहे. ऐंशीच्या दशकात परदेशी जहाजे भाड्याने घेण्याची मुभा दिली गेली. १९९१ मध्ये नवे खोल समुद्र मासेमारी धोरण आले, त्यात परदेशी कंपन्यांशी भागीदारीला वाट मोकळी झाली. युक्तिवाद असा, की आपल्या आर्थिक क्षेत्रात ३९ लाख टन मासळी काढण्याजोगी आहे, किनाऱ्याजवळची जवळजवळ काढून झाली, बाहेरची वाया चालली आहे. लँटर्नफिशचे प्रचंड आकडे या ३९ लाखांत मोजलेले नव्हते, पण 'बाहेर अफाट आहे' या समजुतीला त्यांनी खतपाणी घातले, यात मला शंका नाही. प्रत्यक्षात बाहेरून आलेली जहाजे लँटर्नफिश पकडायला आली नव्हती. त्यांना हवी होती ट्यूना, कोळंबी, माकूल, म्हणजे तेच मासे ज्यांवर इथली ट्रॉलर आणि होड्याही जगत होत्या.

मच्छीमारांना आकड्यांची भाषा येत नसेल, पण शिलकेचे राजकारण कळत होते. १९९४ मध्ये देशभर मासेमारी बंद ठेवून निषेध झाला. महाराष्ट्रातले मच्छीमारही त्यात होते. मच्छीमार चळवळीचे नेते फादर थॉमस कोचेरी यांनी उपोषण केले. १९९५ मध्ये पी. मुरारी समिती नेमली गेली आणि १९९६ च्या फेब्रुवारीत तिने भागीदारीचे, भाड्याचे परवाने रद्द करावेत, असे सुचवले. समितीत मच्छीमारांचे प्रतिनिधी होते आणि समिती बंदराबंदराला फिरली होती. समुद्रातल्या साठ्याबद्दल बंदरावरच्या माणसालाही विचारायचे असते, हे एका सरकारी समितीने तेव्हा करून दाखवले.

लँटर्नफिश मात्र जिथल्या तिथे राहिला. इराणने ओमानच्या आखातात पकडण्याचे प्रयोग केले, पण धंदा म्हणून ते जमले नाही. मासा लहान, लगेच सडणारा, अंगात मेणचट चरबी. खायला नाही, फार तर कुट्टी आणि तेल. तो पकडायला लागणारे डिझेल त्याच्या कुट्टीच्या भावात बसत नाही. त्याला हात लागला नाही हे बरे झाले, असे मला वाटते. ट्यूना, माकूल, डॉल्फिन याच्यावरच पोसतात, आणि रोज वर-खाली जाताना तो पृष्ठभागावरचा कार्बन खोल नेऊन टाकतो. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यातला थंड वारा अरबी समुद्राच्या उत्तर भागात पाणी घुसळून पोषणद्रव्ये वर कशी आणतो, हे १९९६ मध्ये मांडले. त्या प्लवकाच्या पिकावर रात्री चरायला येणारी सर्वांत मोठी खिल्लारे या माशाचीच.

यानंतर आकड्यांनी आणखी एक उडी मारली. नॉर्वेच्या स्टाइन कार्टवेट यांनी २०१२ मध्ये दाखवले, की लँटर्नफिश जाळ्याला चुकवतात, तेही अंधारात आणि इतक्या सफाईने, की जाळ्यावरून काढलेला साठा खऱ्याच्या अंशमात्र ठरतो. मग स्पेनच्या 'मालास्पिना' मोहिमेचे प्रतिध्वनी घेऊन इरिगॉयेन आणि मंडळींनी २०१४ मध्ये जगातला साठा ९५ कोटी नव्हे, निदान १,००० कोटी टन असावा, असे छापले. वर्तमानपत्रांनी तो उचलला. समुद्रात अन्नाचे कोठार सापडल्याच्या बातम्या आल्या. जगातली सगळी सागरी मासेमारी वर्षाला आठ कोटी टनांच्या घरात आहे, तेव्हा हुरूप समजण्यासारखा होता. पण २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या प्राउड, ब्रायर्ली आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रकारच्या प्रतिध्वनींचा हिशेब नव्याने केला. वायूचे फुगे बाळगणारी जेली किती, वाताशयात हवा असलेले मासे किती, एका माशाचा प्रतिध्वनी किती, या तीन गोष्टी पक्क्या नसतील तर उत्तर काय येते? उत्तर आले १८० ते १,६०० कोटी टन. दोन टोकांत जवळपास नऊपट अंतर. मला या विषयावरचा हा सर्वांत प्रामाणिक निबंध वाटतो, आणि म्हणूनच त्याची बातमी झाली नाही.

भारतात आर्थिक क्षेत्रातली काढण्याजोगी मासळी किती, याचा आकडा दर काही वर्षांनी समिती बसवून ठरतो. १९९१ चे ३९ लाख टन २०१८ च्या समितीत ५३.१ लाख टनांवर गेले. 'नीलक्रांती', 'नील अर्थव्यवस्था' असे शब्द येतात, खोल समुद्रात जा, असे सांगितले जाते, अनुदानाच्या योजना निघतात. पुढच्या वेळी अशी जाहिरात वाचाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. आकड्याची दोन टोके कोणती, आणि त्यातला किती भाग जाळ्यात हाती आलेला आहे.

बोंबलापुरते उत्तर सोपे आहे. आवाजाला तो जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून त्याची मोजदाद आजही ससून डॉक, वर्सोवा आणि किनाऱ्यावरच्या इतर बंदरांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी ठरलेल्या दिवशी उभे राहून, निवडक होड्यांमधून उतरलेल्या मासळीवरून करतात.